रताळं नेमकं कुठलं

मुलुंडहून गोराईला जायला कोणी ट्रंक भरत नाही. सकाळी निघालं की दिवेलागणीला घरी येता येतं. तरी परत आल्यावर मी आमच्या सोसायटीत विचारून पाहिलं, तर गोराईला गेलेलं एकही माणूस सापडलं नाही. माथेरान बऱ्याच जणांचं झालं होतं, तळमजल्यावरच्यांचं काठमांडूही झालं होतं. बोरिवलीच्या खाडीपलीकडे मात्र कोणाचं काही काम निघालं नव्हतं. माझं निघालं, आणि तेही एका रताळ्यामुळे. म्हणून हे लिहितो आहे.

मुलुंड

आईला जाऊन काही महिने झाले. मी शाळेत मराठी शिकवतो. घरात आता बाबा आणि मी, दोघंच.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर बसून ते आमच्याकडे बघत होते. मामाने 'भाऊजींना आम्ही बघू' म्हणून सांगितलं. मीही मनातल्या मनात काय काय कबूल केलं. शेवटी बाबा पुढे झाले, हात जोडले आणि इतकी वर्षं रेल्वेच्या कचेरीत ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात म्हणाले, "तुझ्या नावाने मी रताळं सोडलं." एक कावळा लगेच खाली आला.

गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या नावाने सोडायचं, ही आमच्याकडची रीत. लोक आंबा सोडतात, चहा सोडतात, आणि चहा सोडणारे बहुतेक पुढच्या महिन्यात तो परत धरतात. बाबा त्यातले नाहीत. शिवाय आईचे सगळे उपास त्यांनी स्वतःकडे घेतले. सोमवार, एकादशा, सगळे. आता साबुदाणा त्यांना पचत नाही. बटाट्याने पोट फुगतं. वरी आमच्या घरात उपासाला चालत नाही, दाणे दातांना झेपत नाहीत, आणि केळ्याने कफ होतो हे त्यांचं मत कुठल्याही डॉक्टरला बदलता आलेलं नाही. आई असताना ते उपासाला एकच गोष्ट आवडीने खायचे. उकडलेलं रताळं, दुधात कुस्करून. नेमकं तेच सोडलेलं. त्यामुळे उपासाच्या दिवशी कपभर दुधावर सगळा दिवस.

माघातल्या एकादशीला शेजारच्या हंसाबेन ताटली घेऊन आल्या. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात वर्षभर शेजाऱ्यांनी काही ना काही आणून द्यायचं, हे त्या मनापासून पाळत होत्या. ताटलीत तळलेल्या जांभळ्या चकत्या होत्या.

"काका, रताळू छे. फराळी. खाऊन बघा."

बाबांनी चष्मा लावला. "हे कोनफळ आहे."

"ना काका, रताळू."

"रताळं लाल सालीचं असतं. आत पांढरं."

"ते तर शक्करियां. आमच्यात याला रताळू म्हणतात."

बाबांनी ताटली हळूच त्यांच्याकडे सरकवली. "हंसाबेन, मी रताळू सोडलंय."

"पण हे तर दुसरं ना?"

"नाव तेच आहे ना? मग झालं."

हंसाबेन माझ्याकडे बघायला लागल्या. एक कंद आधीच गेला होता, आता शेजारधर्माने दुसराही गेला. त्याच संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना बाबा वाकले ते भिंतीला धरून खालीच बसले. डॉक्टर आले आणि म्हणाले, "आजोबा, एक तर उपास सोडा, नाही तर पोटात काही घाला. शिवरात्रीला हे असं केलंत तर मी जबाबदार नाही." बाबांनी मान हलवली. ते यातलं काहीच करणार नाहीत, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ होता. शिवरात्र अगदी तोंडावर आली होती.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही सोडलं ते नेमकं कुठलं?"

"रताळं. तिला आवडायचं ते."

"ते कुठलं?"

"तू मराठी शिकवतोस. तुला रताळं माहीत नाही?"

मला ते माहीत नाही, हे कोश उघडल्यावर कळलं. रताळं हा शब्द 'रक्तालु'वरून आला. रक्तालु म्हणजे लाल कंद, आणि जुन्या काळी हे नाव जांभळ्या कोनफळासारख्या कंदाचं होतं. हा वेलावर चढणारा कंद आपल्याच बाजूच्या जगातला. आज आपण ज्याला रताळं म्हणतो ते मुळात अमेरिकेतलं. फिरंग्यांच्या जहाजांतून ते इकडे आलं आणि इथल्या जुन्या कंदाचं नाव लावून बसलं. त्याचं स्वतःचं नाव होतं 'बटाटा'. तिकडचे लोक रताळ्यालाच तसं म्हणायचे. पुढे ते नाव तिसऱ्याच कंदाला मिळालं. म्हणजे आपण ज्याला बटाटा म्हणतो तो बटाटा नव्हे, रताळं म्हणतो ते रताळं नव्हे, आणि खरं रताळू हंसाबेनच्या ताटलीत होतं.

आई गेल्यापासून मला पुस्तकात काही वाचून आनंद झाला नव्हता. त्या संध्याकाळी मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आई लहानपणी रताळं म्हणून कोनफळच ओळखत असली, तर बाबांचं व्रत कोनफळापुरतंच राहत होतं, आणि दुधातलं रताळं मोकळं होत होतं. पण हे सांगणार कोण? आईचं लहानपण गोराईत गेलं. तिचे वडील तिथे शाळामास्तर होते. तिथली तिची मैत्रीण रेजिनामावशी अजून होती. थंडीत आई वर्षातून एकदा तिच्याकडे जायची, एकटीच. मी शाळेत रजा सांगितली.

खाडी

बोरिवलीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी दूर सरकलं होतं आणि होडीपर्यंत चिखलातून जायचं होतं. बाकीच्या सगळ्यांनी वहाणा हातात घेतल्या होत्या. मी मात्र पायातच ठेवल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला उजवा पाय वर आला तो मोकळाच. खाली वाकून हात घातला तर कोपरापर्यंत चिखल, चप्पल कुठेच नाही.

बाजारातून रिकामी टोपली घेऊन परत निघालेली एक बाई होडीतून म्हणाली, "मास्तर, राहू दे. खाडीने घेतलेलं परत देत नाय."

"मी मास्तर आहे हे कसं कळलं?"

"दुसरं कोन चपला घालून चिखलात येतं?"

होडीतले सगळे हसले. मी डावी चप्पलही काढून खाडीला देऊन टाकली. एकीचा काय उपयोग.

होडी निघाली. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, मागे बोरिवलीच्या इमारती, आणि पुढे माडांची रेघ. एवढ्याशा पाण्यात मुंबई मागे पडते हे मला माहीत नव्हतं. याच किनाऱ्यावर कधी काळी फिरंग्यांची जहाजं लागली असतील आणि कोणी तरी पोत्यातून ते लाल मूळ उतरवलं असेल, या विचाराने मी होडीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. ज्यांच्या हातचं पाणीही आपले पूर्वज पीत नसत, त्यांनी आणलेलं मूळ आपण एकादशीला देवापुढे ठेवतो. मिरची तीच, दाणे तेच, साबुदाणाही त्याच रांगेतला. शेंदेलोण सोडलं तर उपासाच्या ताटात आपलं असं फार थोडं उरतं. होडीवाल्याने मला खाली बसायला सांगितलं.

पलीकडे टांगे उभे होते. टांगेवाल्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "नवस हाय काय?"

"चप्पल चिखलात गेली."

"मग बसा. नवसवाल्यांना चालावं लागतं."

गोराई

रेजिनामावशीचं घर कौलारू, पुढे ओटा, अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस. आईच्या तेराव्याला ती मुलुंडला आली होती आणि जिन्यातच बसून राहिली होती. आज ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"सुमनचा पोर ना तू? चपला कुटं टाकल्या?"

आईचं नाव मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. घरात ती 'आई' होती, बाबांच्या तोंडी नुसती 'ती'. इथे ती अजून सुमन होती. मी तांब्यातलं पाणी पायांवर घेत उभा राहिलो, जरा जास्तच वेळ. मावशीने तिच्या गेलेल्या नवऱ्याचे रबरी सपाट, म्हणजे स्लिपर, आणून ठेवले. ते मला दोन बोटं मोठे होते. तो सगळा दिवस मी बदकासारखा चाललो.

रताळ्याबद्दल विचारायला आलोय म्हटल्यावर तिला ते काही विचित्र वाटलं नाही. "मग चल, काढायचीच हायत," म्हणाली आणि कुदळ घेऊन निघाली. भातानंतरची रेताड जमीन, तिच्यावर मातीच्या वरंब्यांच्या ओळी, आणि ओळींवर दाट वेल पसरलेला. पानं बदामाच्या आकाराची. मध्ये कुठे कुठे फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुलं.

मी हट्टाने कुदळ घेतली. पहिलाच घाव एका रताळ्याच्या मधोमध बसला.

"झालं. त्याचं दोन केलं," मावशी म्हणाली.

पण त्या दोन तुकड्यांतून दुधासारखा पांढरा चीक आला आणि मी तिथेच उकिडवा बसलो. हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. चीक बोटांना लागला की काळा पडतो आणि दिवसभर जात नाही. रताळ्याला बटाट्यासारखे डोळे नसतात, कारण बटाटा हा जमिनीत फुगलेला देठ आहे आणि रताळं हे खरोखरचं मूळ. शेतात ते लावतात तेही वेलाचे तुकडे करून. मावशीने एक वेल तोडून दाखवला. तो ती ओंजळभर मातीत खोचून देते, बाकीचं तो बघतो.

शेताच्या पुढे सरूची झाडं होती आणि त्यांच्यापुढे समुद्र. वाळूवर एक वेल पसरला होता, अगदी भरतीच्या रेषेपर्यंत, आणि त्यावर तशीच कर्ण्यासारखी फुलं, फक्त जास्त गडद. ही मर्यादवेल. समुद्राने इथपर्यंतच यायचं, असं सांगणारी. मी एक फूल तोडलं, धावत शेतात आलो, रताळ्याचं फूल तोडलं आणि दोन्ही एका हातावर ठेवली. पाकळ्यांवरच्या घड्या सुद्धा सारख्या. एक समुद्र अडवायला बसलेली, दुसरी तोच समुद्र ओलांडून आलेली, आणि दोघी एकाच कुळातल्या. धावताना एक सपाट वाळूत राहिला होता. तो आणायला परत गेलो.

"सुमन पन अशीच," मावशी म्हणाली. "फूल दिसलं की खुळी व्हायची."

मी तोच धागा पकडला. "मावशी, आई लहानपणी रताळं कशाला म्हणायची?"

"रताळ्याला."

"म्हणजे हेच? का कोनफळाला?"

"कोनफळाला कोनफळ बोलायची. तू मास्तर ना? असं काय विचारतो?"

माझी सगळी व्युत्पत्ती त्या वरंब्यात गेली. बाबांचं व्रत होतं तिथेच राहिलं. मी कुदळ टेकवून उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. घाट, कावळा, हंसाबेनची ताटली, भिंतीला धरून बसलेले बाबा. "आईला रताळं फार आवडायचं, म्हणून त्यांनी ते सोडलं," मी म्हटलं.

मावशीने टोपलीतून मान वर केली. "कोनी सांगितलं तुला?"

"काय?"

"सुमनला रताळं आवडायचं, हे."

"आम्ही सगळ्यांनी बघितलंय. प्रत्येक उपासाला खायची."

"उपासाला खायची. एरवी कधी खाल्लेलं बघितलंस?"

मी आठवून पाहिलं. खरंच नाही.

"तिच्या घशाखाली ते उतरत नव्हतं रे. लहानपनापास्नं. माती खाल्ल्यासारखं लागतं बोलायची. मी उपासकाळात मासळी सोडते ना, तर मला चिडवायची. बोलायची, रेजिना, तू आवडीचं सोडतेस आनि चाळीस दिवस मोजत बसतेस. इस्टरला दुप्पट खातेस. माझं बघ. मी नावडीचं खाते. मोजायला नको, सोडायला नको, आनि देवाला पन कळतं की ही मजा करत नाय."

इतकी वर्षं आई समोर बसून ते खात होती, आणि आम्ही तिच्या ताटलीत आणखी वाढत होतो. मला हसू आलं. ते थांबेना, तेव्हा मावशी म्हणाली, "रड, रड. वारा हाय, कोनाला कळनार नाय."

घरी जाऊन जेवलो. तिचा उपासकाळ चालू होता, म्हणून भात, वालाची आमटी आणि चुलीच्या राखेतून काढलेला एक काळा, वेडावाकडा गोळा. तिने तो सुरीने कापला आणि आत जांभळा रंग उघडला, असा की पाटाभोवती उजेड पडल्यासारखं वाटलं. वर खवलेलं खोबरं आणि मीठ. कोनफळाचा वेल तिच्या परसातल्या आंब्यावर चढतो. त्याच्या देठाला चार धारा असतात. कच्चं सोललं तर हात बुळबुळीत होऊन खाजतात, पण भाजल्यावर ते असं होतं.

"सुमनचं हे," मावशी म्हणाली. "आली की पयलं चुलीत बघायची. घरी करत नव्हती. तुज्या बापाला चिकट लागतं ना."

तेव्हा मला दुसरी एक गोष्ट आठवली. उंधियूत हे कोनफळ पडतंच. त्या दिवसांत आई हंसाबेनकडे भाज्या सोलायला जाऊन बसायची आणि परत आल्यावर म्हणायची, मला आज जेवायला नको. हात खाजवत असायची आणि चेहरा खुशीत. आम्हाला वाटायचं, दमली.

निघताना मावशीने पिशवीत दोन्ही भरलं. वरती रताळी, खाली एक मोठं कोनफळ. सपाट परत करायला लागलो तर म्हणाली, "राहू दे. पुढच्या थंडीत घेऊन ये."

परत मुलुंड

बाबा खुर्चीत बसले होते. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "हे कोणाचे?"

मी पिशवी ठेवली आणि आधी वकिली करून पाहिली. जुन्या शब्दाप्रमाणे आणि हंसाबेनच्या भाषेप्रमाणे सुद्धा रताळू म्हणजे कोनफळ. तेव्हा तुम्ही सोडलं ते कोनफळ. शिवरात्रीला दुधातलं रताळं खायला हरकत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या कावळ्याला गुजराती येत होतं का?"

"बाबा..."

"मी बोललो तेव्हा माझ्या मनात दुधातलंच होतं. कोशात काही का असेना."

मग मी शेतातलं सांगितलं. रेजिनामावशी जसं बोलली तसंच. माती खाल्ल्यासारखं, मोजायला नको, मजा करत नाय. बाबांचा चेहरा हलला नाही. मला भीती वाटायला लागली की मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं. आईच्या नावाने धरून बसलेली एकच गोष्ट, आणि ती मी खोटी करून आणली.

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "रेजिना म्हणाली असं?"

"हो."

"माती?"

"हो."

त्यांचे खांदे हलले. आधी मला कळलंच नाही की ते हसत आहेत. आई गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच तो कावळा एवढ्या घाईने खाली आला. म्हटलं असेल, सुटले बाई एकदाची."

शिवरात्रीला सकाळी अंघोळ करून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी दूध तापवत होतो, आणि काय सांगून त्यांना खायला लावावं याचा विचार करत होतो.

"त्या पिशवीत दुसरं काय आहे?"

"कोनफळ. पण तुम्हाला ते चिकट लागतं."

"लागतं. कधीच आवडलं नाही." ते पाटावर बसले. "रताळं मी सोडलंय. आवडायचं ते मला. आता तिच्यासारखा उपास करायचा तर मला हेच खायला हवं."

मी गॅसवर जाळी ठेवून ते भाजलं. राखेतल्यासारखं झालं नाही, एका बाजूने करपलं. खोबरं खवून घातलं. तेवढ्यात हंसाबेन देवळातून येताना दारात थांबल्या आणि ताटलीतला जांभळा रंग बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"काका, रताळू? तुम्ही तर सोडलं होतं ना?"

"कोनफळ, हंसाबेन," बाबा म्हणाले. "आमच्यात याला कोनफळ म्हणतात."

त्यांनी एक फोड तोंडात घातली. औषध घेताना करतात तसं तोंड केलं, डोळे मिटून चावत राहिले, गिळलं. आम्ही दोघं बघत उभे.

"वाईट आहे," ते म्हणाले आणि ताटली माझ्यापुढे केली. "अजून दोन फोडी वाढ."